घट

बाटलीवर एक बाई आहे.
कमरेपर्यंत बाई, खाली काळंभोर ओलं काहीतरी,
आणि हातावर टाकलेली स्वतःची कातडी,
इस्त्रीला द्यायच्या कोटासारखी.

मनामात, हॉटेलच्या तळघरात, एसीच्या डक्टखाली
आम्हा अकरा जणांना उभं करून
स्कॉटलंडहून आलेला फर्गस सांगत होता:
ही सील.
सील म्हटल्यावर मला आधी बुचावरची पट्टी दिसली,
मग शिक्का.
प्राणी सगळ्यात शेवटी.
बावीस वर्षं स्टोअर सांभाळलं की शब्द असेच रांगेत येतात.

ह्यात फक्त मोड आणलेला जव, तो म्हणाला,
पाच गावांच्या पाच भट्ट्या एकत्र केलेल्या.
गावांची नावं लेबलवर नाहीत. करारच तसा असतो.
मला गुदैबियातली आमची खोली आठवली:
वेंगुर्ला, सियालकोट, कासारगोड, कुरुनेगला,
आणि एक नेपाळी, जो गाव कधीच सांगत नाही.
दारावर नाव कंपनीचं.

मग गोष्ट.
थंड बेटांवर म्हणे सील किनाऱ्याला येते,
कातडी उतरवून बाई होते, चांदण्यात नाचते.
एका कोळ्यानं कातडी लपवली.
ती त्याच्या मागोमाग घरी गेली. जाणार कुठे?
पोरं झाली, भाकऱ्या भाजल्या
(फर्गस पाव म्हणाला, भाकऱ्या माझ्या).
सात वर्षांनी धाकट्याच्या हाताला लागली ती घडी.
तिनं पोराचा मुका घेतला, आणि…
फर्गसनं हातानं लाट करून दाखवली.

वास घ्या, म्हणाला. धूर, मीठ, सुकं सफरचंद.
मला वाळत घातलेले बांगडे आले. बोललो नाही.
तारीकनं नुसता हुंगून पेला माझ्याकडे सरकवला:
नाकाला मनाई नाही, भाई.

ग्लास गोळा करायला आलेली मारिसेल तेवढ्यात म्हणाली,
सर, त्यानं ठेवली कुठे होती ती?
फर्गस हसला. हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.
छपरात, वाशांच्या मधे.

आम्ही सगळ्यांनी एकदम वर बघितलं.

वर तिसऱ्या मजल्यावर एचआर,
करड्या रंगाचं कपाट, दुसरा खण.
कायद्यानं ठेवता येत नाहीत. ठेवतात.
हरवू नयेत म्हणून.
कोळीही हेच म्हणाला असणार.

पिंपांतून दरवर्षी थोडी उडून जाते,
फर्गसनं जाता जाता सांगितलं,
तो देवदूतांचा वाटा.
माझ्या रजिस्टरात त्याला घट म्हणतात.

आमच्याकडे वर्षातून एकदा
बाबा मेरेवर उभे राहायचे,
रोट, विडी, पानाच्या द्रोणात माडाची.
बा राखणदारा म्हाराजा,
जो दर्यापलीकडे गेलो तेका सुखरूप परत हाड.
गेलेला माझा काका होता, इथेच, बहारीनला.
मी दहा वर्षांचा, उगाच जोरात ओरडायचो: व्हय म्हाराजा!

रात्री मालाच्या दारामागे
बाटलीतलं उरलेलं घेऊन गेलो.
इथे काही वर्षांपूर्वी पाणी होतं;
भर घालून समुद्र मागे सारलाय.
अशा जागेची मेर कुठली, कुणाची राखण,
त्याला आपली भाषा कळते का,
काही ठाऊक नाही.
सिमेंटवर ओतलं.
उकाड्यानं ते पुरतं पसरूही दिलं नाही.

गाऱ्हाणं घातलं, हळू.
उत्तराला कुणी नव्हतं, म्हणून थांबलो.
पायरीवर बसलेली मारिसेल, चपला काढून,
शब्द एकही न कळता म्हणाली,
ओपो.
त्यांच्यात व्हयला तेच म्हणत असावेत.

सकाळी रजिस्टर भरलं.
बाटली एक, चव घेण्यासाठी. घट: तीस मिली.
कारणाच्या रकान्यात नेहमी मी फूट लिहितो,
किंवा गळती.
आज मराठीत लिहिलं, ऑडिटरला वाचता येऊ नये असं,
आणि खाडाखोड केली नाही.